तूरडाळ दीड किलो

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या पिढीच्या घरांत एक बैठक भरायची. ठाण्याच्या नौपाड्यातली चाळ असो, कल्याणच्या पारनाक्याजवळचा वाडा असो की डोंबिवलीच्या टिळकनगरातला दोन खोल्यांचा ब्लॉक, तिचं स्वरूप सगळीकडे सारखंच. शाळेच्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडायचं, वर मधोमध ‘श्री’ लिहायचं, पहिल्या ओळीत हळद-कुंकू, मग तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर, गोडेतेल, शेंगदाणे, पोहे, रवा. आई फळीवरचे डबे हलवून आवाजावरून अंदाज सांगायची आणि भावंडांपैकी ज्याचं अक्षर बरं तो लिहायचा. साबुदाणा आहे का? मूठभर उरलाय आणि पुढच्या आठवड्यात एकादशी आहे, अर्धा किलो लिही. रवा? अर्धा डबा आहे, या महिन्यात नको. पान भरलं की शेजारी भाव मांडायचे आणि बेरीज करायची.

बेरीज वाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेपेक्षा जास्त निघायची. मग यादी पुन्हा वरपासून वाचली जायची, आणि घरची खरी परिस्थिती आम्हा मुलांना कळली ती या दुसऱ्या वाचनात. दोन किलो तूरडाळीची दीड किलो व्हायची आणि उरलेल्या अर्ध्या किलोच्या जागी मसूर यायची. काजू खोडले जायचे, बेदाणे राहायचे. अंगाच्या साबणाची एक वडी कमी व्हायची, कपड्याच्या साबणाला मात्र कुणी हात लावायचं नाही, कारण कळकट कपड्यांनी ऑफिसला जाता येत नव्हतं. कुठली गोष्ट कमी करता येते आणि कुठली येत नाही, याचा तो घरोघरचा कायदा होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण दहा वर्षांच्या मुलालाही पाठ होता.

आता यादी फोनमध्ये असते. मागच्या खेपेला काय घेतलं ते त्याच्या लक्षात असतं, ‘पुन्हा मागवा’वर बोट ठेवलं की सगळा किराणा टोपलीत येऊन बसतो, आणि एखादी वस्तू विसरलीच तर दहा मिनिटांत कुणीतरी मोटारसायकलवरून आणून देतं. पूर्वी यादी करायला घर एकत्र बसायचं. आता घरातल्या प्रत्येकाची यादी वेगळी आणि पैसे भरणारा एकच. पूर्वी काय नको ते ठरवायला वेळ लागायचा. आता काय हवं तेही ठरवावं लागत नाही, ते सुचवलं जातं.

पण म्हणून काटकसर संपली असं मानणाऱ्यांनी एकदा महिनाअखेरीला मानपाडा रोडवरच्या एखाद्या घरात डोकावावं. घराचा हप्ता, शाळेची फी, लोकलचा पास आणि फोनचं बिल गेल्यावर जे उरतं त्यात आठवडा बसवणाऱ्या बायका आजही आहेत, आणि त्यांचं गणित आमच्या आयांपेक्षा अवघड आहे. अमुक रकमेच्या वर खरेदी केली तर घरपोच आणायचे पैसे नाहीत, तमुक तेल दोन पिशव्या घेतल्या तर स्वस्त, एका ॲपवर साखर उतरलेली आणि दुसऱ्यावर डाळ. त्यांच्याकडे कौशल्य कमी नाही. फक्त हे गणित त्या एकट्या करतात, रात्री सगळे झोपल्यावर, फोनच्या उजेडात. त्यांच्या मुलांना ते दिसत नाही, नवऱ्याला पुष्कळदा दिसत नाही आणि शेजारणीला तर कधीच नाही. गेलेल्या काळातलं मला नेमकं काय हवं आहे, असं स्वतःला खोदून विचारलं तर उत्तर इथे सापडतं. तो स्वस्ताईचा काळ मला नको आहे. स्वस्ताई नव्हतीच. टंचाई होती, पण ती मोठ्याने वाचली जात होती.

वाण्याच्या दुकानाबद्दल गोड बोलण्याआधी तिथून घरी काय यायचं ते आठवलं पाहिजे. यादी दुकानात टाकली की संध्याकाळी पोऱ्या डोक्यावरून सामान आणून टाकायचा. वर्तमानपत्राच्या कागदाचे पुडे, त्यांना आडवा-उभा दोरा. तो दोरा न तोडता उकलून रिळाला गुंडाळायचा, कागद सरळ करून त्यावरची अर्धी बातमी वाचायची आणि मग तो रद्दीत ठेवायचा. रद्दीचे पैसे पुन्हा किराण्यात जमा. पण त्या पुड्यांतल्या तांदळात खडे असायचे, डाळीत काड्या आणि गव्हात माती. काळ्या मिरीत पपईच्या बिया, हळदीत रंग आणि तूरडाळीत लाखेची डाळ, जी रोज खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. तक्रार कुणाकडे करणार? ग्राहक संरक्षणाचा कायदा आला १९८६ साली. त्याआधी तागडीवर विश्वास ठेवणं हा एकच उपाय होता, आणि पारड्याखाली काय चिकटवलंय हे बघायची हिंमत उधारीवर माल नेणाऱ्याला नसायची.

मग दुपारभर निवडणं. गॅलरीत परात मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांची रांग आम्हाला आठवते आणि आठवताना ती फार रम्य वाटते. गप्पा चालायच्या, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या सासूचं बिनसलं, कुणाकडे गॅसचा नंबर लागला. तांदळाला बोरिक पावडर किंवा एरंडेल चोळायचं, गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीत नंबर लावायला एका मुलाला पिटाळायचं. गिरणीवाल्याला ‘आधी ज्वारी टाकली होती का’ हे विचारूनच गहू द्यायचे, नाहीतर पोळ्या बिघडायच्या. हे सगळं खरं. पण त्या परातीत रोज एका बाईचे तास दोन तास जात होते, आणि त्यांतल्या कितीतरी बायका सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाऊन आलेल्या असायच्या. आज पाकीट फोडलं की तांदूळ थेट धुवायला घेता येतो. हा बदल ज्याला खुपतो त्याने आयुष्यात कधी तांदूळ निवडलेले नसणार.

पाकिटाने आणखीही दिलं. किती वजन, किती किंमत, कधी भरलं, कधीपर्यंत चालेल, सगळं छापलेलं. आमच्या लहानपणी छापील किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असायचं आणि ते किती, हे दुकानदार सांगेल तेवढे. आता सगळ्या करांसकट कमाल किंमत छापावी लागते, आणि २०२२ नंतर एका ग्रॅमची किंवा किलोची किंमतही. आमच्या आया हा भागाकार मनात करायच्या. आता तो बारीक अक्षरात का होईना, पाकिटावर करून दिलेला आहे. त्याच २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद डाळ-तांदूळ-पिठावर पाच टक्के जीएसटी लागला, तेव्हा कित्येक घरांनी पुन्हा सुट्या धान्याची वाट धरली. म्हणजे पोतं पूर्ण गेलं नाही. ते वाण्याकडेही आहे आणि डी-मार्टमध्येही आहे, तिथे आपल्या हाताने भरायचं आणि काट्यावर किमतीची चिठ्ठी लावून घ्यायची एवढाच फरक.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. महिन्याची यादी ही महिन्याला पगार मिळणाऱ्यांची चैन होती. ‘आपण सगळे’ असं म्हणताना आम्ही वागळे इस्टेटमधल्या रोजंदारीवरच्या कामगाराला धरत नव्हतो. तो संध्याकाळी हजेरी मिळाली की तेवढ्या रात्रीचं तेल, तेवढ्या रात्रीचा तांदूळ आणि दोन कांदे घ्यायचा, आणि छटाक-छटाक घेतल्यामुळे किलोमागे आमच्यापेक्षा जास्त पैसे मोजायचा. गरिबाला महाग पडतं, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. शाम्पूची पुडी आणि तेलाचं छोटं पाऊच त्याच हिशेबावर चालतं.

रेशनच्या दुकानात मात्र सगळे एका रांगेत यायचे. पिशवी, कार्ड, रॉकेलचा डबा आणि वाचायला काहीतरी, एवढं घेऊन मुलांना सकाळीच उभं करायचे. आपला नंबर आला की साखर संपलेली असायची, किंवा साखर आलेली असायची आणि वजनकाटा बंद. दिवाळीला आणि गणपतीला जादा साखर मिळायची, पामतेल यायचं, आणि ही बातमी टेलिफोन नसलेल्या गावात अर्ध्या तासात पसरायची. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेले लोक अजून मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. पण त्याच वर्षी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं, हातात लाटणी घेऊन. ज्या हत्याराने घरात पोळ्या लाटायच्या तेच मोर्चात उगारायचं, आणि ताटं बडवायची. साखर, तेल, रॉकेल हे विषय राजकारणाचे आहेत, असं त्या बायकांनी मंत्रालयापर्यंत जाऊन सांगितलं. त्यात पक्ष वेगवेगळे होते, जाती वेगवेगळ्या होत्या. रिकामा डबा सारखा होता.

आज रेशनवर रांग कमी आहे आणि हिशेब स्वच्छ आहे. १९९९ मध्ये कार्डांचे पिवळा, केशरी आणि पांढरा असे रंग झाले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दोन रुपयांत गहू आणि तीन रुपयांत तांदूळ हा हक्क केला, आणि २०२३ पासून ते धान्य फुकट मिळतं. अंगठा लावला की नोंद होते, कुणाचं धान्य कुणी खाल्लं असं व्हायला वाव कमी. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा शिधा सरकारने दिला, तेव्हा त्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. पण पांढऱ्या कार्डवाल्याने ते दुकान सोडलं, आणि त्याबरोबर तिथे काय मिळतं, कसं मिळतं, याची चौकशीही सोडली. जी रांग सगळ्यांची होती ती काही जणांची झाली. रांग वाईटच होती. पण तीत उभं राहिलेल्या मास्तरला, कारकुनाला आणि हमालाला एकाच तांदळाचा वास येत होता, आणि तांदूळ कुबट निघाला तर तिघं मिळून ओरडत होते.

भाजीचं गणित आठवड्याचं असायचं आणि ते लोकलमध्ये सुटायचं. बायकांच्या डब्यात परतीच्या प्रवासात पालेभाजी निवडली जायची, मटार सोलले जायचे, गवारीच्या शिरा निघायच्या. दादरला घेतलेली मेथी मुलुंडपर्यंत निवडून व्हायची आणि कोपरला देठांची पिशवी बांधून व्हायची. डोंबिवलीला उतरताना हातात नुसती फोडणीला टाकायची भाजी. कुठे काय स्वस्त आहे याचं ज्ञान त्या डब्यात फिरायचं: ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कांदा आज उतरलाय, गावदेवीच्या मंडईत शेवग्याच्या शेंगा महाग आहेत, कल्याणला बाजार समितीत भाजी पहाटे उतरते तेव्हा दोघींनी मिळून घेतली तर परवडते. चार मैत्रिणींनी मिळून कांद्याची गोणी घ्यायची आणि एकीच्या जिन्याखाली बसून वाटायची, हे अगदी सर्रास होतं. न निवडलेली भाजी घेऊन बसलेल्या अनोळखी बाईला समोरची आपणहून म्हणायची, ‘द्या हो ताई इकडे, माझे हात रिकामेच आहेत.’

आणि मे महिना सरता सरता कल्याणच्या शिवाजी चौकापासून पुढे रस्त्याच्या कडेला मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया टोपल्या मांडून बसायच्या. आधी शेवळं, आणि त्यांची खाज मारायला काकडं. मग पाऊस धरला की टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कर्टुली. जून-जुलैत इतर भाज्या महाग होतात तेव्हा या वाट्यांनी कितीतरी घरांचं पान सावरलं. टाकळ्याचे वाटे आईने चार-चार आण्यांनी पाडून घेतलेले आम्ही पाहिले आहेत. आज त्याचा विचार करताना बरं वाटत नाही. डोंगर उतरून, टपावर बसून आलेल्या त्या बाईचा दिवस त्या चार आण्यांवर होता. आमची काटकसर पुष्कळदा आमच्यापेक्षा गरीब माणसाच्या खिशातून होत होती, हे तेव्हा घरात कुणी बोललं नाही. आता रानभाज्यांचे महोत्सव भरतात, पाककृती छापून येतात, भाव बरा मिळतो, आणि ते योग्यच आहे.

स्टेशनाबाहेरची भाजी मात्र विस्कटली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर फेरीवाल्यांविरुद्ध आंदोलनं झाली आणि उच्च न्यायालयाने स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं. ठाणे, डोंबिवली, कल्याण, तिन्ही ठिकाणच्या पुलांवर आणि जिन्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, हे आम्ही रोज अनुभवलेलं. तिथे मोकळा रस्ता हवाच होता, त्यावर दुमत असू नये. पण संध्याकाळच्या गाडीतून उतरणाऱ्या बाईच्या वाटेत जी भाजी होती ती तिच्या वाटेतून गेली, आणि घरी पोचून पुन्हा बाहेर पडण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नसते. ती मग फोन उघडते. कोथिंबिरीची जुडी तिथे वेगळ्या किमतीला असते. भाजीवाली मात्र ती मूठभर, वर चार मिरच्या ठेवून, तशीच पिशवीत टाकायची. ती कोथिंबीर फुकट नव्हती, भावात धरलेलीच असायची, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. तरी ती घेताना दोघींनाही हसू यायचं.

आता उधारी. या विषयावर आमची पिढी खोटं बोलते. ‘आमच्या वाण्याची वही होती, विश्वासावर चालायचं’ असं आम्ही सांगतो, पण वीस तारखेनंतर वाण्याकडे कोण जायचं ते सांगत नाही. मुलं जायची. ‘शेठना सांग, बाबांचा पगार झाला की देतील’ हे वाक्य आम्ही रस्त्याने घोकत जायचो. दुकानात गिऱ्हाईक असलं तर बाजूला उभं राहून ते जाईपर्यंत वाट बघायचो, आणि शेठने वही काढून सगळ्यांसमोर मागची बाकी वाचली की कान तापायचे. विश्वास होता, पण तो फुकट नव्हता. वहीत असलेल्याला भाव विचारता येत नाही आणि डाळीला कीड आहे म्हणून परत करता येत नाही.

आणि तरीही त्याच वहीने माणसं तारली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. परळ-लालबागहून कल्याण-डोंबिवलीकडे राहायला आलेल्या, किंवा इथूनच रोज पहिली पाळी गाठणाऱ्या घरांचा पगार एका दिवसात थांबला. पुढे वागळे इस्टेटीतल्या कंपन्या एकामागून एक बंद झाल्या. २००९ मध्ये कल्याणजवळच्या मोहोन्याचा एनआरसी कारखाना बंद पडला. प्रत्येक वेळी त्या त्या वस्तीतल्या वाण्याने आधी तोंड कडू केलं असेल, पण डाळ-तांदूळ दिलं. बँक दारात उभं करणार नव्हती. वाण्याला त्या घरातली माणसं, त्यांच्या सवयी आणि त्यांची नियत ठाऊक होती, आणि उद्या ही माणसं आपल्याच दुकानासमोरून जाणार आहेत हेही ठाऊक होतं. सगळे पैसे परत आले नाहीत. काही कुटुंबं रातोरात गावाला गेली. त्या बुडालेल्या बाक्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

आजची उधारी सभ्य आहे. क्रेडिट कार्ड आहे, ‘नंतर भरा’ आहे, तीन हप्त्यांत भरा आहे. कुणाच्या मुलाला दुकानात उभं राहावं लागत नाही, कुणाची बाकी चारचौघांत वाचली जात नाही. ही लाज गेली ते फार बरं झालं, आणि ती परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण पूर्वी घराचं बिघडलं की आधी वाण्याला कळायचं, मग शेजाऱ्याला, आणि मग कुणीतरी आपण होऊन वाटीभर आमटी किंवा पायलीभर तांदूळ पाठवायचं. ‘गावाहून जास्त आलाय’ असं म्हणून पाठवायचं, म्हणजे घेणाऱ्याला घेता येईल. आता हप्ता चुकल्याचं फक्त यंत्राला कळतं, आणि ते फक्त आठवण करून देतं.

उधारीची लाज नको आणि वाण्याची मर्जीही नको, असं म्हणणारी माणसं आमच्या आधीच्या पिढीत होती. नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार उभा केला. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, जिच्या उभारणीत सुधीर फडके होते. ज्यांच्या आवाजात आम्ही गीतरामायण ऐकलं तो माणूस डाळ-तांदळाच्या वाटपाच्या कामात उतरला, ही गोष्ट मला अजून भारावून टाकते. पंचायतीची रीत साधी. आसपासच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. महिन्याची छापील यादी येते, प्रत्येक घराने त्यावर आपल्याला लागतं तेवढं लिहायचं आणि पैसे आधी भरायचे. कार्यकर्ते माल पारखून घाऊक भावात घेतात, गाडी येते, एका सभासदाच्या घरी सगळा माल उतरतो, आणि तिथे सगळ्यांनी जमून तो आपापसांत वाटून घ्यायचा. उधारी नाही, म्हणून मिंधेपणा नाही. नफा नाही, म्हणून भेसळ नाही.

डोंबिवलीत आणि ठाण्यात या संघांनी चांगलंच मूळ धरलं. नोकरदार मध्यमवर्गाचं गाव, पगार ठरलेला, आणि बायका हिशेबाला पक्क्या. वाटपाच्या दिवशी त्या घराच्या बाहेरच्या खोलीत पोती, पाकिटं, डबे यांच्यामधून वाट काढावी लागायची. कुणी नावं वाचायचं, कुणी ढीग लावायचं, मुलं खालून वर सामान न्यायची, आणि गोडेतेलाचा एक डबा नेहमी कमी भरायचा, मग तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आपण कुठली डाळ किती घेतो हे सगळ्यांना दिसायचं, आणि तिथे ते दिसण्यात कमीपणा नव्हता, कारण सगळ्यांचं दिसत होतं. एखादीने या खेपेला फक्त साखर आणि चहा लिहिलेला असला तर दुसरी वाटप संपल्यावर मागे थांबायची आणि हळूच विचारायची.

हे संघ आजही आहेत. पण वाटपाला दिवसा घरी माणूस लागतं, आणि सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला येणाऱ्या जोडप्याला ते कुठून जमणार? माझ्या पिढीने इथे जरा थांबावं. आमच्या सुंदर आठवणींतली जवळपास प्रत्येक गोष्ट, यादी, निवडणं, दळण, वाटप, भाजीच्या भावाची बित्तंबातमी, कुठल्या तरी बाईच्या वेळेवर उभी होती, आणि त्या वेळेची किंमत कुठल्याच बेरजेत धरलेली नव्हती. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं निघाली ती त्या बाईला थोडा श्वास घेता यावा म्हणून, आणि ती चालवणाऱ्याही बहुतेक बायकाच, ज्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. त्या केंद्रासमोर उभं राहून ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्या आजोबांना मी सांगेन की आजोबा, तुमच्या वेळी पोळ्या कोण करत होतं ते आठवा.

२०१५ च्या शेवटी तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, तेव्हा घराघरांत ती आधी पातळ झाली आणि मग मुगावर आली. ते मुलांना ताटात दिसलं, पण का झालं ते पुष्कळ घरांत कुणी सांगितलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि खडूने आखलेल्या वर्तुळांत आम्ही पुन्हा वाण्यासमोर उभे राहिलो, हातात कागदाची यादी घेऊन. ॲप बंद होती किंवा भरलेली होती. त्या दिवसांत सोसायट्यांनी मिळून भाजीचे टेम्पो बोलावले, दूध वाटून घेतलं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दाराबाहेर पिशव्या ठेवल्या. कुणाची नोकरी गेली हेही तेव्हा जिन्यावर कळत होतं. ते कौशल्य मेलेलं नव्हतं. वापरात नव्हतं, इतकंच.

त्यातलं थोडं टिकलं आहे. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमध्ये आणि कल्याण-शिळ रस्त्यावरच्या नव्या वसाहतींत आता व्हॉट्सॲपच्या गटावर मिळून खरेदी चालते. एप्रिलमध्ये कोकणातून आंब्याच्या पेट्या, पावसाळ्यात नारळ, आणि भात निघाल्यावर वाड्याहून कोलमची पोती. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या नावावर दुसराच तांदूळ विकणाऱ्यांना थोडा तरी चाप बसला. शेतकऱ्याला भाव मिळतो, घराला चांगला तांदूळ मिळतो, गटातल्या कुणीतरी आपला रविवार खर्च करून वाटप केलेलं असतं. हे बघून मला मनापासून आनंद होतो. फक्त या गटावर सगळे ‘मला एक पोतं’, ‘मला दोन’ एवढंच लिहितात. ‘या महिन्यात मला पाच किलोच जमेल’ असं कुणी लिहीत नाही. ज्यांना जमत नाही ते गप्प राहतात, आणि गटाला वाटतं त्यांना तांदूळ नको आहे. ज्यांनी हा गट चालवायचं मनावर घेतलं आहे त्यांना माझी एक विनंती आहे. पोत्याच्या खाली पाच किलोची आणि दोन किलोची एक ओळ ठेवा, भाव तोच ठेवा, आणि पहिल्यांदा त्या ओळीपुढे आपलं स्वतःचं नाव लिहा.